फ्रीबीएसडी १३.५ वरून १४.३: अपग्रेडनंतर एसएसएच बंद, पीकेजी चालेना, ग्राफिक्स गेलं

रानवारा

नमस्कार मंडळी. एका मशीनवर फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम) १३.५ होतं. रूट झेडएफएस या फाईल सिस्टीमवर, बूट यूईएफआय फर्मवेअरने, प्रोसेसरमधलंच इंटेल ग्राफिक्स. १३ च्या शाखेला मिळणारा आधार एप्रिल २०२६ पर्यंतच जाहीर झालेला असल्यामुळे १४.३ वर जायचं ठरवलं. हँडबुकातल्याच क्रमाने गेले: फ्रीबीएसडी-अपडेटने अपग्रेड, मग इन्स्टॉल, रीबूट, परत इन्स्टॉल. अपग्रेडच्या वेळी काही फायलींसाठी एडिटर उघडला होता. त्यातलं जे कळलं ते नीट केलं, बाकीच्या फायली आहेत तशा सेव्ह केल्या. दुसऱ्या इन्स्टॉलनंतर 'इन्स्टॉल पुन्हा चालवा' असा संदेश आला, म्हणून तिसऱ्यांदाही चालवलं.

आता एसएसएचने (दुरून लॉगिन) आत जाता येत नाही, कनेक्शन लगेच नाकारलं जातं. कीबोर्ड-मॉनिटर जोडला की थेट लॉगिन मात्र होतं. पीकेजीची (पॅकेजेस बसवणारं टूल) कुठलीही कमांड दिली की 'लिबक्रिप्टो.एसओ.१११ सापडत नाही' एवढं बोलून बंद पडते. एक्स (ग्राफिकल स्क्रीन चालवणारा प्रोग्राम) सुरू होत नाही. दुसऱ्या इन्स्टॉलच्या वेळी पीडब्ल्यूडी_एमकेडीबीची (पासवर्डचा डेटाबेस बनवणारा प्रोग्राम) एक तक्रारही स्क्रीनवरून सरकून गेली, 'करप्टेड एन्ट्री' असं काहीतरी होतं.

हे चार वेगवेगळे बिघाड आहेत की एकाच गोष्टीचे परिणाम? आणि सुरुवात कुठून करू?

चौकट

मेजर आवृत्ती बदलताना मी नेहमी नव्याने इन्स्टॉल करतो. डेटा वेगळ्या डेटासेटवर (झेडएफएसमधला स्वतंत्र कप्पा) असेल तर /ईटीसी आणि /यूएसआर/लोकल/ईटीसी बाजूला काढून ठेवा आणि स्वच्छ सुरुवात करा. इतकं सगळं एकदम मोडलं असेल तर दुरुस्तीत जास्त वेळ जाईल.

उंबरठा

चौकट, त्या मार्गात गैर काही नाही. पण इथे त्याची गरज दिसत नाही. रानवारांनी लिहिलेल्या चारही गोष्टी ओळखीच्या आहेत आणि चारही दुरुस्त होतात. शिवाय जुनी /ईटीसी नव्या इन्स्टॉलवर आणून टाकली की फायली जुळवायचं तेच काम पुन्हा करावं लागतं, आणि या वेळी मदतीला टूलही नसतं.

रानवारा, आधी एक विनंती. तूर्त रीबूट करू नका, फ्रीबीएसडी-अपडेट पुन्हा चालवू नका, आणि झेडपूल स्टेटसने 'पूल (झेडएफएसचा डिस्कसाठा) अपग्रेड करा' असं सुचवलं तरी ते अजिबात करू नका. का, ते पुढे लिहितो. आत्ता फक्त माहिती हवी आहे:

फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू. यातून तीन आकडे मिळतात: डिस्कवरचा कर्नल, सध्या चालू असलेला कर्नल आणि यूजरलँड, म्हणजे कर्नलबाहेरची बाकी सिस्टीम. अपग्रेड कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायला याहून खात्रीची खूण नाही. यूनेम फक्त चालू कर्नल सांगतो, त्यामुळे लोक फसतात.

एसएसएचडी -टी, पूर्ण पाथ देऊन, म्हणजे /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी. हा सर्व्हर सुरू करत नाही, कॉन्फिग फाईल तपासतो आणि चुकीच्या ओळी दाखवतो.

बीईसीटीएल लिस्ट. जुनं बूट एन्व्हायर्नमेंट (बूट करता येणारी सिस्टीमची प्रत) शिल्लक आहे का ते बघू.

रानवारा

तिन्ही आकडे १४.३-रिलीज आहेत.

एसएसएचडी -टी म्हणतं 'बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन', आणि त्यापुढे सात कोनी कंस दिसतात. खाली आणखी दोन ओळींबद्दल तशीच तक्रार आहे.

बीईसीटीएल लिस्टमध्ये दोन नावं आहेत. 'डिफॉल्ट'समोर एनआर लिहिलंय. दुसऱ्याच्या नावात १३.५-रिलीज आणि तारीख-वेळ आहे. हे दुसरं मी बनवलेलं नाही.

उंबरठा

छान, ही सगळीच बातमी चांगली आहे.

ते दुसरं बूट एन्व्हायर्नमेंट फ्रीबीएसडी-अपडेटनेच बनवलंय. रूट झेडएफएसवर असेल तर बदल करण्याआधी तो स्वतःहून एक प्रत राखून ठेवतो. म्हणजे तुमचं संपूर्ण जुनं १३.५ डिस्कवर जसंच्या तसं आहे. अगदीच अडलं तर लोडरच्या मेनूतून ते निवडून बूट करता येईल. पण त्याचा खरा उपयोग आपण जुन्या फायली बघण्यासाठी करणार आहोत.

तिन्ही आकडे सारखे आहेत, म्हणजे कर्नल आणि यूजरलँड दोन्ही पूर्ण बदललेत. मूळ अपग्रेड यशस्वी झालंय. राहिलेत ते कॉन्फिग फायलींमधले तंटे आणि जुन्या शाखेसाठी बांधलेली पॅकेजेस. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की बिघाड चार दिसत असले तरी कारणं दोनच आहेत.

पहिलं कारण, फायलींचं जुळवणं. /ईटीसीमधल्या ज्या फायलीत तुम्ही बदल केलेत तिच्या तीन आवृत्त्या फ्रीबीएसडी-अपडेट शेजारी ठेवतो: १३.५ सोबत आलेली मूळ फाईल, तुमची आत्ताची फाईल आणि १४.३ सोबत आलेली नवी फाईल. एखादी ओळ फक्त तुम्ही बदलली असेल तर तुमची राहते. फक्त त्यांनी बदलली असेल तर त्यांची येते. दोघांनीही तीच ओळ, किंवा अगदी लगतच्या ओळी बदलल्या असतील, तर निर्णय तुमच्यावर सोडला जातो. त्या ठिकाणी तो तुमचा मजकूर आणि नवा मजकूर असे दोन्ही लिहितो: वर सात कोनी कंसांची ओळ, मध्ये सात बरोबरच्या चिन्हांची, खाली उलट्या कोनी कंसांची. एडिटर उघडतो तो या तिन्ही खुणा काढून दोनपैकी हवं ते ठेवण्यासाठी. खुणा तशाच राहिल्या तर त्या फाईलचा भाग होतात. एसएसएचडीला त्या ओळी अनोळखी पर्याय वाटतात, म्हणून तो सुरूच होत नाही.

१३ वरून १४ वर जाताना असे तंटे नेहमीपेक्षा जास्त येतात. जवळपास प्रत्येक फाईलच्या डोक्यावर डॉलर चिन्हांमधली 'फ्रीबीएसडी' अशी एक टॅग-ओळ असायची. सोर्स कोड गिटवर गेल्यावर त्या टॅगला अर्थ उरला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्या ओळी सरसकट काढल्या गेल्या. त्यामुळे ज्या फायलीत एरवी काहीच वाद नाही तिथेही निव्वळ त्या ओळीवरून तंटा उभा राहतो. तिथे खुणा आणि टॅग सगळं उडवलं तरी बिघडत नाही.

आता पीडब्ल्यूडी_एमकेडीबीची तक्रार. माझ्या मते चारांत सगळ्यात गंभीर हीच आहे, जरी लॉगिन होतंय म्हणून ती आत्ता जाणवत नसली. मास्टर.पासडब्ल्यूडी ही मजकुराची फाईल आहे, पण लॉगिनच्या वेळी सिस्टीम ती वाचत नाही. तिच्यावरून बनवलेला पीडब्ल्यूडी.डीबी आणि एसपीडब्ल्यूडी.डीबी हा डेटाबेस वाचते. मजकुरात खुणा असल्याने नवा डेटाबेस बनलाच नाही, जुना तसाच राहिला, आणि जुन्यावर तुमचं लॉगिन चालू आहे. पासवर्ड बदलायला किंवा नवा वापरकर्ता घालायला गेलात की अडेल.

हा तंटा रूटचा पासवर्ड ठेवलेल्या कुणालाही येणारच होता. १४.० पासून रूटचं ठरलेलं शेल सीएसएचऐवजी एसएच झालं. म्हणजे रूटची ओळ त्यांच्या बाजूने बदलली. आणि तुम्ही रूटला पासवर्ड दिला तेव्हा तीच ओळ तुमच्या बाजूनेही बदलली होती.

इथे एक धोका नीट लक्षात घ्या. नव्या आवृत्तीतली रूटची ओळ कोऱ्या सिस्टीमसाठी लिहिलेली असते, तिच्यात पासवर्डचा रकाना रिकामा असतो. 'नवं ते घेऊया' म्हणून ती ओळ ठेवलीत तर रूट विनापासवर्ड होईल. तुमचीच ओळ ठेवा. शेल बदलायचं असेल तर त्याच ओळीचा शेवटचा रकाना बदला. सीएसएच बेस सिस्टीममधून गेलेलं नाही, त्यामुळे तेच ठेवलं तरी चालेल.

क्रम असा ठेवा. आधी जुनं एन्व्हायर्नमेंट बीईसीटीएल माउंटने एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर जोडा. जुन्या /ईटीसीतल्या फायली तिथे शाबूत दिसतील. मग ग्रेप -आरएल वापरून सध्याच्या /ईटीसीत ज्या फायलींच्या ओळीची सुरुवात सात कोनी कंसांनी होते त्यांची यादी काढा. यादीतल्या प्रत्येक फाईलचा जुन्या फाईलशी डिफ घ्या आणि मगच हात लावा. मास्टर.पासडब्ल्यूडी साध्या एडिटरने उघडू नका, व्हीआयपीडब्ल्यू वापरा. तो सेव्ह करताना फाईल तपासतो, डेटाबेस स्वतः बांधतो आणि चूक असेल तर जुनं मोडू देत नाही.

यादी इथे टाका. पीकेजीकडे नंतर वळू.

पायवाट

माझ्याकडे झेडएफएस नाही, यूएफएस ही दुसरी फाईल सिस्टीम आहे, म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट नाही. अशा वेळी जुनी मास्टर.पासडब्ल्यूडी कुठून मिळणार?

उंबरठा

पायवाट, /व्हार/बॅकअप्समध्ये बघा. रोजच्या पिरिऑडिक कामांत पासवर्ड आणि ग्रुप फायलींची प्रत तिथे ठेवली जाते, नावाला .बॅक जोडून. इतर फायलींसाठी मात्र अपग्रेडआधी /ईटीसीचा टार काढून ठेवण्याला पर्याय नाही.

रानवारा

यादीत या फायली आल्या: मास्टर.पासडब्ल्यूडी, ग्रुप, एसएसएचडी_कॉन्फिग, लॉगिन.कॉन्फ, आणि मेल डिरेक्टरीतली मेलर.कॉन्फ.

एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये माझी पोर्टची ओळ होती आणि शेजारी ती टॅग-ओळ. खुणा काढल्या, -टी आता गप्प आहे, सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर एसएसएच सुरू झालं. हे सगळं आता दुसऱ्या मशीनवरून लिहिते आहे, फार हायसं वाटलं.

व्हीआयपीडब्ल्यूमध्ये अगदी तुम्ही लिहिलंत तेच दिसलं. रूटच्या दोन ओळी, खालचीत पासवर्डचा रकाना रिकामा. वरची ठेवली. सेव्ह करताना तक्रार आली नाही.

ग्रुप आणि लॉगिन.कॉन्फचं काय करायचं?

उंबरठा

ग्रुपमध्ये तुमच्या ओळी ठेवा आणि नव्या आवृत्तीत एखादा नवा गट आला असेल तर तोही राहू द्या. कुठल्या गटाच्या सदस्यांत तुमचं नाव होतं ते जुन्या फाईलवरून ताडून बघा, विशेषतः व्हील. रूट होण्यासाठी एसयू वापरत असाल आणि व्हीलमधून नाव निघालं तर तिथेही अडकाल.

लॉगिन.कॉन्फ दुरुस्त झाल्यावर सीएपी_एमकेडीबी त्या फाईलवर चालवा. पासवर्डसारखाच तिचाही डेटाबेस वेगळा असतो, मजकूर बदलला म्हणून परिणाम आपोआप होत नाही.

हे झालं की एसएसएचने दुसरी खिडकी उघडून नवं लॉगिन होतंय ना ते बघा. पहिली खिडकी तोवर बंद करू नका.

आता दुसरं कारण, पॅकेजेस.

फ्रीबीएसडीत नवा कर्नल जुनी यूजरलँड चालवू शकतो, पण उलटं चालेल याची हमी नसते. म्हणून आधी कर्नल, मग रीबूट, मग यूजरलँड असा क्रम आहे. यूजरलँड बदलल्यावरही जुन्या लायब्ररी लगेच काढल्या जात नाहीत, कारण पॅकेजेस अजून जुन्या शाखेसाठी बांधलेली असतात. दुसऱ्या इन्स्टॉलनंतर येणारा संदेश पूर्ण वाचला तर त्यात दोन गोष्टी असतात: आधी बाहेरून आलेलं सगळं सॉफ्टवेअर नव्याने बांधा किंवा बसवा, आणि नंतर इन्स्टॉल पुन्हा चालवा. तिसरं इन्स्टॉल जुन्या लायब्ररी पुसण्यासाठीच असतं.

१३ मध्ये बेससोबत ओपनएसएसएल १.१.१ होतं, त्याची लायब्ररी म्हणजे लिबक्रिप्टो.एसओ.१११. १४ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं आणि तिचा क्रमांक ३० झाला. पीकेजी स्वतः त्या १११ वर उभं होतं, म्हणून तेच बंद पडलं. कर्ल, गिट, एन्जिनएक्स, जे जे त्या लायब्ररीला जोडलेलं असेल ते सगळं आत्ता असंच बोलेल.

यासाठीच पीकेजीसोबत पीकेजी-स्टॅटिक येतं. लागणाऱ्या लायब्ररी त्याच्या पोटातच असतात, बाहेरचं काही लागत नाही. आधी पीकेजी-स्टॅटिक बूटस्ट्रॅप -एफ, मग पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ. एफ आवश्यक आहे, कारण पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक तोच असला तरी ते १४ साठी बांधलेलं हवं आहे. त्याआधी पीकेजी-स्टॅटिक प्राइम-लिस्टची यादी एका फाईलीत ठेवा. तुम्ही स्वतःहून बसवलेल्या पॅकेजेसची ती यादी असते, अवलंबनं वगळून. काही निसटलं तर तिच्यावरून भरून काढता येईल.

रानवारा

बूटस्ट्रॅप झालं. अपग्रेड -एफ मात्र म्हणतं, 'फ्रीबीएसडी रेपॉझिटरीत चुकीच्या ओएस आवृत्तीची पॅकेजेस आहेत: फ्रीबीएसडी:१३:एएमडी६४'. शोधल्यावर एके ठिकाणी सापडलं की इग्नोर_ओएसव्हर्जन=यस असं एन्व्हायर्नमेंटमध्ये दिलं की पुढे जातं. देऊ का?

उंबरठा

नको, नको. तो पर्याय दिलात तर १४ च्या यूजरलँडवर पुन्हा १३ ची पॅकेजेस बसतील आणि त्याच १११ च्या तक्रारीवर परत याल. तपासणी आपलं काम बरोबर करते आहे, पत्ता कुठून चुकतोय तो शोधायला हवा.

पीकेजी-स्टॅटिक -व्हीव्ही चालवा आणि शेवटी येणारा रेपॉझिटरीजचा भाग बघा. तिथे यूआरएलमध्ये १३ दिसतंय का?

रानवारा

हो! यूआरएलमध्ये 'फ्रीबीएसडी:१३:एएमडी६४/लेटेस्ट' असं सरळ लिहिलेलं आहे. पण /ईटीसी/पीकेजीमधल्या फाईलीत तसं नाही, तिथे डॉलर आणि महिरपी कंसात एबीआय (शाखा आणि प्रोसेसर सांगणारा व्हेरिएबल) आहे.

उंबरठा

मग /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीकेजी/रिपॉसमध्ये त्याच नावाची फाईल असणार. पॅकेजेसच्या तिमाही (क्वार्टर्ली) संचाऐवजी ताजा (लेटेस्ट) संच हवा असेल तेव्हा लोक तिथे फाईल ठेवतात, ती पद्धत योग्यच आहे, कारण /ईटीसी/पीकेजीमधली फाईल सिस्टीमची असते. फक्त तिच्यात १३ हा आकडा लिहिण्याऐवजी एबीआय हा व्हेरिएबल ठेवायचा. मग शाखा बदलली की पत्ताही बदलतो. आणि ही फाईल /यूएसआर/लोकलखाली असल्याने फ्रीबीएसडी-अपडेट तिला कधीच हात लावत नाही, म्हणून ग्रेपच्या यादीतही ती आली नाही.

रानवारा

व्हेरिएबल घातला. अपग्रेड चालू आहे, मोठी यादी आहे.

... झालं. कर्ल, गिट, सांबा सगळं चालतंय. पीकेजीही आता स्वतःच्या पायावर उभं आहे. एक छोटं टूल मी स्वतः बांधून /यूएसआर/लोकल/बिनमध्ये टाकलं होतं, ते अजून १११ मागतंय.

उंबरठा

ते पॅकेजमधून आलेलं नाही, त्यामुळे पीकेजीला त्याचा पत्ता नाही. सोर्स असेल तर पुन्हा बांधा, तेच उत्तम. नसेल तर जुन्या शाखेच्या लायब्ररींसाठी कॉम्पॅट१३एक्स पॅकेज आहे. पण जाळ्यावर बोलणाऱ्या प्रोग्रामसाठी त्याच्यावर विसंबू नये असं मला मनापासून वाटतं. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपलेला आहे.

मृगजळ

ग्राफिक्सबद्दल मी लिहितो, यात बराच काळ घालवलाय. केएलडीलोडने आय९१५केएमएस (इंटेल ग्राफिक्सचं कर्नल मॉड्यूल) हाताने चढवून बघा आणि डीमेसेजमधली (कर्नलचे संदेश) शेवटची ओळ सांगा. 'डिपेन्ड्स ऑन कर्नल, नॉट अव्हेलेबल ऑर व्हर्जन मिसमॅच' असं असेल तर मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं आहे.

रानवारा

पॅकेजेस बदलण्याआधी तेच येत होतं. आत्ता पॅकेजेस बदलल्यावर पुन्हा दिलं तर स्क्रीन क्षणभर काळी होऊन कन्सोलचा अक्षरांचा आकार बदलला.

मृगजळ

म्हणजे मॉड्यूल चढलं. अपग्रेड -एफमध्ये डीआरएम-केमॉड हे ग्राफिक्स मॉड्यूलचं पॅकेजही १४ चं आलं असणार.

तरी दोन गोष्टी बघून घ्या. पॅकेजेस शाखेतल्या आधार असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर बांधली जातात. साध्या प्रोग्रामांना त्याने फरक पडत नाही, पण कर्नल मॉड्यूल आतल्या रचनेशी इतकं जखडलेलं असतं की त्याच शाखेतल्या पुढच्या आवृत्तीवरही ते कधीकधी चढत नाही किंवा मशीन अडकतं. दर वेळी नवी पॉइंट आवृत्ती आली की ही तक्रार यायची. १४.२ पासून यासाठी फ्रीबीएसडी-केमॉड्स नावाची वेगळी रेपॉझिटरी दिली आहे, तिच्यात मॉड्यूल त्या त्या आवृत्तीसाठी बांधलेली असतात. पीकेजी -व्हीव्हीमध्ये ती दिसते आणि सुरू आहे, याची खात्री करा.

दुसरं, मॉड्यूल चढवण्याची ओळ कुठे आहे? ती आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्टमध्ये हवी. लोडर.कॉन्फमध्ये असेल तर काढा. तिथून ती कर्नलसोबतच फार लवकर चढते आणि बूट अर्ध्यात थांबू शकतं. केएलडी_लिस्टमध्ये असली की निदान सिंगल यूजरमध्ये जाऊन ती ओळ काढता येते, कारण तिथे आरसी.कॉन्फमधलं काही चाललेलंच नसतं.

एक्स तरीही चाललं नाही तर तुम्ही व्हिडिओ गटात आहात का ते बघा. ग्रुप फाईलमध्येही तंटा होता म्हणालात ना.

रानवारा

बरोब्बर तेच होतं. व्हिडिओ गटाच्या ओळीतून माझं नाव गेलं होतं. पीडब्ल्यू ग्रुपमॉडने परत घातलं, एक्स सुरू झालं. केएलडी_लिस्ट आरसी.कॉन्फमध्येच आहे, आणि केमॉड्स रेपॉझिटरी दिसते आहे.

मनापासून आभार, मृगजळ.

अक्षरवेल

धागा सुरुवातीपासून वाचते आहे. रानवारांच्या यादीत मेलर.कॉन्फ होती, तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

१४.० पासून बेसमधला ठरलेला मेल पाठवणारा प्रोग्राम सेंडमेल नसून डीएमए आहे, ड्रॅगनफ्लायकडून आलेला. मेलर.कॉन्फ ही फाईल फक्त एवढंच ठरवते की 'सेंडमेल' या नावाने हाक मारली तर प्रत्यक्षात कोणता प्रोग्राम धावेल. क्रॉनचे आणि पिरिऑडिकचे रोजचे अहवाल याच वाटेने जातात. तिथे खुणा राहिल्या किंवा अर्धवट जुळणी झाली तर अहवाल येणं बंद होतं, आणि न आलेल्या मेलकडे कुणाचं लक्ष जात नाही. डिस्क बिघडल्याची पहिली सूचना बहुतेकदा त्याच अहवालात असते, म्हणून हे मागे टाकू नका.

मशीनवरून फक्त मेल बाहेर पाठवायचा असेल तर डीएमए पुरेसं आहे. /यूएसआर/शेअर/एक्झाम्पल्स/डीएमएमध्ये तयार मेलर.कॉन्फ आहे, ती जागेवर ठेवा, आणि डीएमए.कॉन्फमध्ये स्मार्टहोस्ट (मेल पुढे नेणारा सर्व्हर) लिहा. मात्र डीएमए पोर्ट २५ वर ऐकत नाही. दुसरी मशीन तुमच्याकडे मेल पाठवत असेल तर सेंडमेल किंवा पोर्ट्स संग्रहातून दुसरा मेल सर्व्हर लागेल.

आणखी एक, बूट एन्व्हायर्नमेंटबद्दल. वर उंबरठा यांनी म्हटलं की अडलं तर जुन्यात परत जाता येईल. ते खरं आहे, पण त्याआधी तुमचा डेटाबेस कुठे आहे ते बघा. ठरलेल्या मांडणीत /होम, /व्हार/लॉग, /व्हार/मेल वगैरे वेगळे डेटासेट असतात, पण /व्हार/डीबी रूटच्याच डेटासेटमध्ये, म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंटच्या आत असतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांचा डेटा तिथेच राहतो. आठवडाभर नव्या सिस्टीमवर काम करून मग जुनं एन्व्हायर्नमेंट निवडलंत तर डेटाबेसही आठवडाभर मागे जातो. डेटा हरवत नाही, तो दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असतो, पण चालू सर्व्हिसला तो दिसत नाही. दोन्हीकडे नव्या नोंदी झाल्या की एकत्र आणणं फार कठीण जातं. अपग्रेडआधीच /व्हार/डीबीखालच्या त्या डिरेक्टरीसाठी स्वतंत्र डेटासेट करावा.

उंबरठा

अक्षरवेल, हे सांगितलंत ते फार बरं झालं. माझ्या प्रतिसादात ते यायलाच हवं होतं.

रानवारा

या मशीनवर डेटाबेस नाही, सांबाचा डेटा वेगळ्या डेटासेटवर आहे. डीएमए लावलं, रूटच्या नावाने पाठवलेला मेल पोचला.

आता शेवटचा प्रश्न. झेडपूल स्टेटस म्हणतं की पूलची काही फीचर्स सुरू नाहीत, झेडपूल अपग्रेड करा. तुम्ही सुरुवातीलाच 'अजिबात करू नका' म्हणाला होतात. ते कायमचं की तात्पुरतं?

उंबरठा

तात्पुरतं. कारणं दोन आहेत.

एक, १३ मध्ये ओपनझेडएफएस २.१ आहे आणि १४ मध्ये २.२. पूल अपग्रेड केला की नवी फीचर्स सुरू होतात. ती एकदा वापरात आली की २.१ ला तो पूल उघडता येईलच असं नाही, आणि पूल अपग्रेड मागे घेता येत नाही. म्हणजे तुमचं ते १३.५ चं बूट एन्व्हायर्नमेंट डिस्कवर असूनही निरुपयोगी होऊ शकतं. तो 'स्टेटस'मधला मजकूर चूक दाखवत नाही, पूल आहे तसाच निर्धोक चालतो.

दोन, बूट लोडर. फ्रीबीएसडी-अपडेट /बूटमधला लोडर.ईएफआय बदलतो, पण यूईएफआय मशीन सुरू होताना जो लोडर वाचतं तो ईएफआय पार्टिशनवर असतो आणि तिथली प्रत जुनीच राहते. जुन्या लोडरला नवी फीचर्स असलेला पूल वाचता आला नाही तर मशीन बूटच होणार नाही. म्हणून पूलला हात लावण्याआधी लोडर बदलायचा.

जीपार्ट शोने ईएफआय पार्टिशन कुठलं ते बघा. १३ च्या इन्स्टॉलरने केलं असेल तर ते बहुधा /बूट/ईएफआयवर आधीच माउंट असेल, नसेल तर माउंट_एमएसडॉसएफएसने करा. आत ईएफआय डिरेक्टरीखाली 'फ्रीबीएसडी' आणि 'बूट' अशा दोन डिरेक्टरी असतील. पहिलीत लोडर.ईएफआय, दुसरीत बूटएक्स६४.ईएफआय. दोन्ही फायलींची जुनी प्रत दुसऱ्या नावाने ठेवा आणि /बूटमधला नवा लोडर त्या दोन्ही नावांनी कॉपी करा. आरशासारखी जोडलेल्या दोन डिस्क असतील तर दोन्हींवर हेच करा, नाहीतर पहिली डिस्क मेली की दुसरीवरून बूट होणार नाही. मग रीबूट.

पायवाट

जुन्या बायोसवर बूट होणाऱ्या मशीनला?

उंबरठा

तिथे ईएफआय पार्टिशनऐवजी फ्रीबीएसडी-बूट नावाचं छोटं पार्टिशन असतं. झेडएफएस असेल तर जीपार्ट बूटकोडने त्यावर पीएमबीआर आणि जीपीटीझेडएफएसबूट पुन्हा लिहायचं. पार्टिशनचा क्रमांक जीपार्ट शोमध्ये नीट बघून द्या, त्या कमांडला चुकीचा क्रमांक दिला तर ती तिथलं जे असेल त्यावर लिहून मोकळी होते. तुमच्याकडे यूएफएस आहे, तिथे पूल अपग्रेडचा प्रश्नच येत नाही.

रानवारा

दोन्ही नावांनी लोडर कॉपी केला, डिस्क एकच आहे. रीबूट झालं, एसएसएच, सांबा, एक्स, सगळं आपोआप वर आलं. सर्व्हिस -ईची यादी जुन्या एन्व्हायर्नमेंटमधल्या आरसी.कॉन्फशी ताडून बघितली, काही गळलेलं नाही. ग्रेप पुन्हा चालवलं, /ईटीसीत एकही खूण उरलेली नाही.

१३.५ चं एन्व्हायर्नमेंट पुढचा महिनाभर ठेवते. ते काढल्यावरच पूल अपग्रेड करेन.